पाट, कॉट आणि भिंतीकडची खुर्ची



आज विषय बसण्याचा आहे. घरात आपण कशावर बसतो, कुठे बसतो, कुणाकडे तोंड करून बसतो आणि त्यानं माणसं जवळ कशी येतात, लांब कशी जातात. हा विषय मला आमच्या आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी दिला, तोही रागावून.

मागच्या दशलक्षण पर्वात दुपारच्या स्वाध्यायाला जायला आक्का तयार होईनात. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचं खाली बसणं बंद केलंय, त्याला पाच-सहा वर्षं झाली. मंदिरात त्यांच्यासारख्या बायकांसाठी मागच्या भिंतीला लागून खुर्च्यांची ओळ असते. मी म्हटलं, "आक्का, खुर्ची तर असते की तुमच्यासाठी." तर म्हणाल्या, "खुर्ची असती गं. पर तुमी सगळ्या खाली बसता. मला नुसती डोकी दिसतात, तोंडं न्हाईत दिसत. मग कुणासंगं बोलू?"

मला काही उत्तर सुचलं नाही. घरीही तेच चाललं होतं हे त्याच क्षणी लक्षात आलं. वयामुळे आक्का कमी बोलतात, कान गेलेत, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या रात्री मी पहिल्यांदा आमच्या घराकडे बसण्याच्या जागा मोजत पाहिलं, आणि मग मागे मागे जात राहिले. कोल्हापूरकडच्या पाटापासून हिंदमाताच्या चाळीपर्यंत जे सापडलं, ते तुम्हाला सांगते.

पाट आणि पंगत

आक्का १९६८ साली लग्न होऊन शिरोळ तालुक्यातून हिंदमाताला आल्या. सोबत सागवानी पाट होते आणि पितळेच्या दोन अडण्या. तुमच्यापैकी कोल्हापूर-सांगलीकडच्यांना अडणी ठाऊक असेलच. जेवणाचं ताट जमिनीला टेकू नये म्हणून खाली ठेवायची ती तिवई. माणूस पाटावर, ताट अडणीवर, असं आपल्या घरांतलं जेवण. पाटाची उंची जेमतेम दोन-तीन बोटं. त्यावर बसलेला आजोबा आणि नातू यांची तोंडं जवळजवळ एका पातळीवर येतात. वाढणारी मात्र वाकलेली किंवा उभी असते. तीच एकटी पंगतीच्या बाहेर.

आपली भाषा पाहा ना. जवळीक सांगायची तर आपण 'मांडीला मांडी लावून बसलो' म्हणतो. कुणाला समाजात परत घेतलं तर 'पंगतीत घेतलं', आणि एकाच रांगेत बसवून एकाला तूप जास्त, एकाला कमी वाढलं तर त्याला 'पंक्तिप्रपंच' असा खास शब्द आहे. शब्द आहे म्हणजे तो प्रकार चालत होता. म्हणून जुन्या पंगतीचे मी नुसतेच गोडवे गाणार नाही. आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका, आणि विधवा असेल तर कोपऱ्यात, हे आपल्या आज्यांनी भोगलंय. कोण कुणाच्या रांगेत बसत नाही, यावरच जात ओळखली जायची.

ही रांग मोडायचं मोठं काम आपल्याच समाजातल्या एका माणसानं केलं, ते आपल्या मुलींना माहीत असायला हवं. कर्मवीर भाऊराव पाटील, जन्म १८८७ चा, कुंभोजचा. त्यांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची आणि एकाच पंगतीला जेवायची. १९२७ साली महात्मा गांधी तिथे गेले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. तरीही त्या पोरांच्या त्या आई झाल्या, आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा त्यांनी मोडायला दिलं. मला त्यात दागिन्यांइतकीच मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. लहानपणापासून शिकवलेली बसण्या-उठण्याची, शिवण्याची हद्द एका बाईनं स्वतःच्या हातांनी पुसली. हे मन आतून बदलल्याशिवाय होत नाही, आणि मन बदलायला रोज त्या पंगतीत वाढावं लागतं.

खुर्ची आली

खुर्ची हा शब्द मूळचा अरबी, 'कुर्सी'. आपल्याकडे मोठेपण दाखवायला गादी होती, लोड होता, सिंहासन होतं, पण दरबारात इतर माणसं बसायची ती बिछायतीवर. पेशव्यांच्या दरबारात १७९० साली इंग्रजांशी तह झाला, त्या प्रसंगाचं थॉमस डॅनियलनं नंतर काढलेलं मोठं चित्र आहे. त्यात पुण्याच्या मंडळींबरोबर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेटही खालीच बसलेला दिसतो. पुढे इंग्रजांचं राज्य आलं आणि गोष्ट उलटी झाली. साहेब खुर्चीत, रयत उभी. तेव्हापासून 'खुर्ची' म्हणजे सत्ता, हा अर्थ मराठीला चिकटला तो आजवर सुटलेला नाही.

मुंबईत खुर्ची सामान्य माणसाला मिळाली ती इराण्याकडे. संगमरवरी टेबल आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आठवतात ना? दादर-परळच्या नाक्यानाक्यांवर होत्या. त्या खुर्चीचं मूळ युरोपात आहे. मिखाएल थोनेट नावाच्या कारागिराच्या कारखान्यानं १८५९ मध्ये चौदा नंबरची खुर्ची काढली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी केली की एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, म्हणून ती जगभर बोटीनं जाऊ शकली. तशाच धर्तीच्या खुर्च्या मुंबईत आल्या. चहाच्या किमतीत गिरणीकामगार, कारकून, नाटकवाला, सगळे एकाच टेबलाशी समोरासमोर बसू लागले. जात विचारणारं कुणी नव्हतं.

बायकांसाठी मात्र तिथे 'फॅमिली रूम' असायची, आडोशाची वेगळी जागा. आमच्या घरच्या बायका तिथेही जात नसत, कारण एकाच मुदपाकखान्यात अंडं-मटण. सासरे मात्र बाहेर उभे राहून खिडकीतून ती टेबलं बघायचे, असं आक्का हसत सांगतात.

एक खोली, एक कॉट

गिरणगावाची घरं कशी होती हे आकड्यांतच कळतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करायचं काम सुरू झालं. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्याच ट्रस्टची. पुढे १९२० च्या सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एकेका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. नायगावच्या चाळी हिंदमाताहून चालत जाण्याच्या अंतरावर. आमची चाळ खासगी होती, पण खोलीचं माप साधारण तेच.

त्या मापात बसायला जागा कुठली? एक लोखंडी कॉट. तिच्याखाली ट्रंका, धान्याचे डबे, गादीच्या वळकट्या. कॉटवर दिवसा पाहुणा बसायचा, रात्री घरातला वडीलधारा झोपायचा, बाकीचे खाली आणि गॅलरीत. सासरे एकटे मुंबईत होते तेव्हा गावाकडच्या एका बाईंच्या खाणावळीत जेवायचे. कामगार पाळीपाळीनं यायचे आणि तिच्याच खोलीत भिंतीला पाठ लावून दोन रांगांत बसायचे. या खाणावळवाल्या बायकांनी गिरणगावाला पोसलं. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

घरात जागा नव्हती म्हणून बायका बाहेर बसायच्या. दुपारी दोन ते चार गॅलरीत तांदूळ निवडणं, मेथी मोडणं, पापड वाळवणं. कुणी उंबऱ्यावर, कुणी पाटावर, कुणी कठड्याला टेकून. आक्का म्हणतात, "पहिल्या वर्षी मी माहेरच्या आठवणीनं रडायची ते गॅलरीतच. घरात रडायला आडोसाच नव्हता. पण तिथं रडलं की दोघीतिघी जवळ सरकायच्या." जागा कमी होती तिथे दुःख लपवता यायचं नाही, हे वाईटही होतं आणि बरंही.

वाईट कसं, तेही सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचे सासरे होते. आधी सभा, मोर्चे, धावपळ. मग महिने गेले आणि ते कॉटवर बसू लागले, दाराकडे तोंड करून. आक्का स्टोव्हपाशी, त्यांच्या पाठीमागे. "पाठच बघितली मी त्यांची वर्षभर," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला कळलं की तोंड दिसणं त्यांना एवढं का लागतं. शेवटी एक दिवस त्यांनीच पाट उचलला आणि कॉटसमोर, उजेड अडवून, भाजी चिरायला बसल्या. सासरे चिडले, पण बोलले. दुसऱ्या दिवशी तेही खाली बसून शेंगा सोलायला लागले. त्यानंतर आक्कांनी हिंदमाताच्या मार्केटमधून साड्यांना फॉल-बिडिंगचं काम आणलं आणि घर चाललं.

या मार्केटचंही बसण्याशी नातं होतं. पांढऱ्या चादरीची गादी, मागे लोड, आणि दुकानदार गिऱ्हाईकाच्याच पातळीवर बसून साडी उलगडायचा. बसलेली बाई घाईनं उठत नाही, चार साड्या जास्त बघते, हे त्यांना बरोबर ठाऊक. पण त्याच गादीवर आक्कांसारख्या काम मागायला आलेल्या बाईलाही 'बसा' म्हटलं जायचं, याची किंमत त्यांना आजही वाटते.

हिंदमाता म्हटलं की पावसाचं पाणी आलंच. सखल भाग, चार तास पाऊस लागला की गुडघाभर पाणी. तळमजल्याच्या घरांत कॉटचे पाय विटांवर चढवलेले असायचे. पाणी शिरलं की त्या एका कॉटवर अख्खं कुटुंब, शेजारच्या दोन पोरांसकट. २६ जुलै २००५ ची रात्र आम्ही पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत तेरा जणांनी काढली, खालच्या दोन घरांतली माणसं धरून. कॉटवर म्हाताऱ्या, खाली आम्ही, अंधारात णमोकार मंत्र. त्या रात्री जी बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, तिच्याशी त्याआधी माझं नळावरून वर्षभर बोलणं नव्हतं.

सगळ्यांची तोंडं एकीकडे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा नसे. तोंडं एकीकडे होती, पण मांड्या एकमेकींना लागलेल्या होत्या.

२०१४ मध्ये आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्हाला सातव्या मजल्यावर घर मिळालं. न्हाणीघर आत आलं, दाराला कडी आली. याचं सुख मी कमी लेखणार नाही. अंगण-गॅलरीच्या आठवणी काढणाऱ्या पुरुषांनी एकदा रात्री दोन वाजता सार्वजनिक संडासाच्या रांगेत बाईमाणूस म्हणून उभं राहून बघावं.

पण हॉलमध्ये सोफा आला तो टीव्हीकडे तोंड करून. जेवायचं टेबल चार खुर्च्यांचं घेतलं, कारण पाचवीला जागा नव्हती, आणि घरात आम्ही पाच जण. पाट मीच भंगारवाल्याला दिले. आठ होते. काय मिळालं ते सांगत नाही, लाज वाटते.

आक्कांचं रात्रिभोजन त्यागाचं व्रत आहे. सूर्यास्ताआधी त्यांचं जेवण होतं, आमचं ऑफिस-क्लासमधून येऊन नऊला. चाळीत त्या सहाला जेवायच्या तेव्हा मी तिथेच दोन हातांवर स्वयंपाक करत असायची. आता त्या टेबलाशी एकट्या, मी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. आमच्या नऊच्या जेवणाला त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीपाशी. त्यांचं व्रत, आमची नोकरी, घराचा नकाशा. दोष एकाचा नाही, पण सगळं मिळून त्या घराच्या कडेला गेल्या होत्या.

कॅनडातल्या म्हाताऱ्या

वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली आणि मी ती आक्कांना वाचून दाखवली. १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयात वृद्ध स्त्रियांचा वॉर्ड नवा, छान करण्यात आला. नव्या खुर्च्या, नवे रंग. तरी बायका गप्पच. रॉबर्ट सोमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं की खुर्च्या भिंतीला लागून ओळीनं मांडल्या आहेत. सहकाऱ्यांसोबत त्यानं छोटी टेबलं आणून खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या, टेबलांवर मासिकं ठेवली. सुरुवातीला खुर्च्या पुन्हा पुन्हा भिंतीकडे जायच्या. सगळ्यांना तीच सवय. पण काही आठवड्यांनी मोजलं तर त्या बायकांचं आपसातलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालं होतं. त्याच रुग्णालयातले डॉक्टर हम्फ्री ऑस्मंड यांनी जागांचे दोन प्रकार सांगितले: माणसांना एकत्र ओढणाऱ्या आणि माणसांना पांगवणाऱ्या.

आक्का ऐकून म्हणाल्या, "एवढं शिकून हेच सांगितलं व्हय? समवसरणात काय असतं मग?"

आणि खरंच, मैत्रिणींनो. आपण लहानपणापासून मंदिराच्या भिंतीवर समवसरणाचं चित्र बघत आलोय. मध्ये भगवान, भोवती गोलाकार बारा कोठे. मुनी, आर्यिका आणि श्राविका, देव-देवी, माणसं, पशू, प्रत्येकाची जागा ठरलेली. साप आणि मुंगूस जवळ बसलेले. भगवंतांचं मुख चारही दिशांना दिसतं, म्हणून कुणाच्याही वाट्याला पाठ येत नाही. मी इतकी वर्षं त्याकडे चमत्कार म्हणून पाहिलं. आता वाटतं, चांगली सभा कशी बसवावी हेसुद्धा त्यात सांगितलंय. जागा वेगळ्या असू शकतात, पण दर्शन सगळ्यांना सारखं हवं.

आम्ही काय केलं

फार मोठं काही नाही. मंदिरातल्या बायकांना मी आक्कांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दोघी म्हणाल्या, शास्त्रापेक्षा उंच बसायचं नाही म्हणून खुर्च्या मागे असतात. मुद्दा बरोबर होता. विनय राखायलाच हवा. मग शास्त्राचा चौरंग उंच टेबलावर ठेवला, खुर्च्या भिंतीवरून काढून दोन्ही बाजूंना अर्धगोलात मांडल्या, आणि आमच्यासारख्या चाळिशी-पन्नाशीच्या काहीजणी त्यांच्याशेजारी बुटक्या स्टुलांवर बसायला लागलो. कॅनडासारखंच झालं. झाडणारा मुलगा रोज खुर्च्या परत भिंतीला लावायचा. आम्ही रोज ओढायचो. आठव्या दिवशी त्यानंच अर्धगोल करून ठेवला.

घरी सोफ्याचा एक भाग फिरवून टीव्हीकडे काटकोनात केला. ह्यांनी दोन दिवस कुरकुर केली. टेबलाला पाचवी खुर्ची घडीची आणली. आणि संध्याकाळी सहाला, ज्या दिवशी घरी असेन त्या दिवशी, मी भाजी चिरायचं ताट घेऊन आक्कांच्या समोर बसते. जेवत नाही, नुसती बसते. ऑफिसचे तीन दिवस जमत नाही, तेव्हा लेक क्लासला जायच्या आधी वीस मिनिटं बसतो. कधी मोबाईल बघत बसतो, पण समोर असतो.

आक्का आधीसारख्या झाल्या असं मी म्हणणार नाही. गुडघे तेच, कान थोडे गेलेत हेही खरंच निघालं. पण परवा जेवता जेवता त्यांनी त्या संपातल्या पाठीची गोष्ट पूर्ण सांगितली, जी मी इतक्या वर्षांत पूर्ण ऐकली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "पाट असता तर आता तुला खाली बसवून दाखवलं असतं, उजेड कसा अडवला ते."

पाट मी विकले होते. मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, "जाऊ दे, लाकूडच ते. तू बस की."

आज घरी गेल्यावर एवढंच बघा. तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईच्या नेहमीच्या जागेवर पाच मिनिटं स्वतः बसा. तिथून कुणाकुणाचं तोंड दिसतं ते मोजा. आणि मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.